तुझ्या खिडकीतून काय दिसतं?

एका घरातून एकच मूल, असा नियम होता.
मरीसिएलो सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले,
फोटोत शोभली असती.
मी अकरा वर्षांचा. माझे दात सगळे जागेवर.

रोसीओबाईंनी तिला निळ्या दारापुढे उभं केलं
(दार आमचं नव्हतं, शेजारच्या किस्पेंचं होतं)
आणि लिमाच्या त्या भुऱ्या टेकडीवरून
माझी बहीण एक क्रमांक होऊन स्वीडनला गेली.

उलट टपालानं आल्या गुनवोरबाई.
पोस्टातून निवृत्त, एकट्या, सोबत मांजर,
लाल टोपी घालून बर्फात उभ्या.
शाळेची फी त्यांची, वह्या त्यांच्या.
नाताळात बूट आले.
बूट तिला, खोकं मला.
खोक्यात ठेवायला काही मिळेपर्यंत
मी ते उशाशी घेऊन झोपायचो.

पत्र मीच लिहायचो, तिचा हात हातात धरून.
काय लिहायचं नाही ते कचेरीच्या भिंतीवर लावलेलं.
पैसे मागायचे नाहीत. पत्ता द्यायचा नाही.
दुःखाचं फार नको. खोटं तर अजिबात नको.
मग उरतं काय? आवडता रंग.
दर सहा महिन्यांनी आम्ही तिचा आवडता रंग बदलायचो,
तेवढंच बदलणं हातात होतं.

तिसऱ्या वर्षी गुनवोरबाईंनी विचारलं,
कुणीतरी नीटस स्पॅनिशमध्ये उतरवलेलं:
सकाळी उठल्यावर, बाळ,
तुझ्या खिडकीतून काय दिसतं?

आई बराच वेळ काही बोलली नाही.
प्लायवूडच्या चार भिंती, वर पत्रा,
उजेड यायचा तो फटींमधून, अंग चोरून.
मी म्हटलं, लिहू की, समुद्र दिसतो.
त्यांना कुठं कळतंय एवढ्या लांब?
आई म्हणाली, जिनं बूट पाठवले तिच्याशी खोटं बोलू?
आणि उठून किस्पेंकडे गेली, करवत मागायला.

रविवारी दुपारी आईनं भिंत कापली.
मी फळी धरून उभा, डोळ्यांत भुसा,
आणि बाहेरून मरीसिएलो ओरडतेय,
खाली घे, आणखी खाली, माझ्या डोळ्यांएवढी!
आईनं ऐकलं तिचं.
आम्हा दोघांना वाकावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं ओळीनं बसलो.
धुकं.
ऑगस्टात लिमात दुसरं काय दिसणार?
धुकं, आणि त्यात किस्पेंच्या कुत्र्याचं
फक्त मागचं अर्धं अंग.
तेच लिहिलं. कुत्र्याचं नावही लिहिलं, ओसो.

त्या रात्रीपासून गारठा घरात राहायला आला.
आम्ही प्लास्टिक ठोकलं, ते रात्रभर फडफडायचं.
मरीसिएलो महिनाभर खोकत होती.
खोकला 'दुःखाचं फार' मध्ये येतो का,
हे रोसीओबाईंना विचारायचं राहूनच गेलं.

उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला.
माझ्याकडेही धुकंच, बाईंनी लिहिलं होतं,
आणि ओसोला माझ्याकडून एक बिस्किट.
दिलं. अर्धं आम्ही खाल्लं.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच बाईंचं नाव आलं,
दुसरा फोटो, मांजर नाही.
गुनवोरबाईंचं काय झालं
हे त्या कागदात कुठं बसत नव्हतं.

आता मी याच टेकडीवर पाण्याचा टँकर चढवतो.
मरीसिएलो खाली शहरात एका गोदामाचे हिशेब ठेवते,
लोक म्हणतात, नशीबवान, तिचा फोटो निघाला.
मीही म्हणतो, कधी कधी. मनापासून असतं असं नाही.

गेल्या वर्षी प्लायवूड काढून विटा लावल्या.
गवंड्यानं विचारलं, खिडकी केवढ्या उंचीवर घेऊ?
मी छातीशी हात नेत होतो.
आईनं तो धरला
आणि खाली, कमरेच्याही खाली आणून सोडला.