पाचवं दार, निमकीने

ससून डॉकच्या आमच्या कोठीला आठ दारं,
आणि आठांची मिळून एकच बातमी येते,
एक आकडा, दर दोन मिनिटांनी.
रात्री सव्वादोनला आला: वीस.

आता विसातून पाचवं दार कसं वेगळं काढू?
दुसऱ्या कुठल्याही भाषेत नुसतं म्हटलं असतं,
सरका चार घरं उजवीकडे,
आणि बिटं सरकली असती निमूट
दवाखान्याच्या बाकड्यावरच्या माणसांसारखी,
टोकाचा उठून आत गेला की.
पण हे यंत्र मालकाच्या वडिलांनी घेतलेलं.
त्याच्या भाषेला बेरीज येते, वजाबाकी येते,
गुणाकार, आणि रडतखडत भागाकार.
सरकणं येत नाही.
पुस्तिका तीनदा वाचली. शेवटच्या पानावर
कुणाच्या तरी चहाचा गोल.

पलीकडच्या टेबलावर मुणगेकर,
पहाटेच्या लिलावाचे कागद तयार करत.
वय एकाहत्तर, चालता कान एक.
त्या कानात माझं दुखणं सांगितलं.
"अहो, मग निमकी म्हणा की,"
आणि डोळे मिटून सुरूच झाले,
बे निमे एक, तीन निमे दीड, चार निमे दोन,
मध्येच थांबून:
"अर्धा आला की टाकायचा.
पण टाकण्याआधी बघायचा."

तेवढंच लिहिलं यंत्रात.
वीस. सम. पहिलं दार बंद.
दहा. सम. दुसरं बंद.
पाच. विषम! तिसरं उघडं. अडीचातला अर्धा बघितला, टाकला.
दोन. चौथं बंद.
एक.

"तांडेल, पाच नंबर उघडंय!"
फोनवर हरेश्वर तांडेलची जांभई,
"तीनला माल भरतायत, ते ऱ्हाऊ दे. पाचचं बगतो."
मग त्याच्या गमबुटांचा आवाज, लांब जाणारा.
पुढचा आकडा आला: चार.
मी उगाचच टेबलावर थाप मारली.

डावीकडे सरकायचं तर काय, बेचा पाढा.
फक्त दोनशे पंचावन्नच्या वर गेलं
की वरचं फेकून द्यायचं,
कोठीला नववं दार नाही.

फसले ते थंडीत.
तापमान येतं अर्ध्या अर्ध्या अंशांनी,
उणे सदतीस म्हणजे उणे साडेअठरा.
कारखान्याचा कागद म्हणतो, एक घर सरकवा, उणे एकोणीस.
माझी निमकी म्हणते उणे अठरा.
"मॅडम," तांडेल बॅटरी मारून तबकडी वाचतो,
"हितं एकोणीस हाय. तुमच्या कागदावर एक डिग्री खोटी."
तीन रात्री तो एक अंश
माझ्या मानेवर बसून होता.
हे यंत्र अर्धा टाकतं तो नेहमी शून्याच्या बाजूला,
दमलेला माणूस भिंतीकडे कलतो तसं.
वर असो की खाली, त्याला शून्यच जवळचं.

चौथ्या रात्री मुणगेकरांनी डबा उघडला,
कोलंबीचं कालवण, वर तेलाचा तवंग,
आणि न बघताच म्हणाले,
"येणं असेल तर अर्धा सोडा.
देणं असेल तर पुरा धरा.
उणे म्हणजे देणंच की हो."

म्हणून एक ओळ वाढवली:
उणे असेल आणि विषम असेल
तर आधी एक वजा कर, मग निम्मं कर.
शेजारी टीप लिहिली: देणं पुरं धरणे. मुणगेकर.
यंत्र टिपा वाचत नाही. असू दे.

दिवाळीनंतर नवं यंत्र येणार म्हणे.
त्यात दोन बाणांची खूण केली की झालं.
ते दाखवायला आलेल्या मुलाने माझी पानं चाळली,
आणि अगदी नम्रपणे विचारलं,
हे सगळं कशासाठी?

पावणेपाचला आकडा आला, शून्य.
मी जिना उतरले, हात बगलेत घालून.
धक्क्याला नुकती लागलेली होडी,
आणि होडीपासून काट्यापर्यंत उभी माणसं.
टोपली या हातातून त्या हातात,
त्या हातातून पुढच्या.
कुणी कुणाला सरक म्हणत नव्हतं.
काट्याशी बसलेली बाई प्रत्येक टोपलीतून
निसटलेला एक बोंबील उचलत होती,
बघत होती,
आणि बाजूच्या घमेल्यात टाकत होती.