दोरीच्या अलीकडून

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वार्डोच्या धक्क्यावर
तोरुन येते. पाठीवर भावाची लेन्स,
जुन्या लोकरी पांघरुणात गुंडाळलेली.
"आइलर्ट, आज सोडतोस का पलीकडे?"
वारा ईशान्येचा. मी नाही म्हणायला हवं होतं.

बेटावर कडा आहे, आणि कड्याआधी दोरी.
दोरीपुढे माणसानं जायचं नाही.
हा नियम हालवारनंच भांडून करवून घेतला
आणि मग तेवीस वर्षं तोच
दोरीच्या अलीकडे कुडकुडत पक्षी मोजत बसला.

हजारो गिलेमॉट, खांद्याला खांदा,
काळी पाठ, पांढरं पोट,
सगळे एकाच शिंप्याचं गिऱ्हाईक.
त्यांतले थोडे निराळे: चोचीच्या कडेला
पांढरी रेघ, नखानं ओढावी तेवढी.
वहीत लिहिलंय, डावीकडून सातवी कपार:
एकोणीस. चौदा. अकरा. चार. एक.
मग हालवारचं अक्षर संपतं.

दातांनी हातमोजा ओढून
पाचशेच्या लेन्समागे ती दुपटीचा टेलिकन्व्हर्टर बसवते.
"झाले हजार," म्हणते.
पण हा गडी फुकट काही देत नाही.
पक्षी दुप्पट जवळ आणतो
आणि उजेडाच्या रुपयातले बारा आणे
दलाली म्हणून खिशात घालतो.

उरलेल्या चार आण्यांत ऑटोफोकसचं भागत नाही.
घर्र, जवळ. घर्र, लांब.
चष्मा शोधायलाच चष्मा लागावा, तसं त्याचं चाललेलं.
पडत्या बर्फावर थांबतो,
शेजाऱ्याच्या पाठीवर थांबतो,
मधला एकच चौकोन जागा,
बाकीचे सगळे झोपलेले.

"अंतराचा खटका लाव की," मी म्हणालो,
वीस वर्षं फोटोवाल्यांच्या गप्पा होडीत ऐकलेला माणूस.
तिनं तो आधीच लावला होता.

मग धाकटा कन्व्हर्टर. हा आठ आणेच घेतो.
फोकस पटकन बसला, पीस न् पीस मोजून घ्यावं असा.
पण चोच एवढीशी,
रेघ असली तरी दिसायची कशी.
"पुन्हा दुपटीचाच," ती म्हणाली,
आणि बोटं निळी होईतो तो फिरवत राहिली.
"हातानं फोकस कर मग."
"मोतीबिंदू आहे मला, आइलर्ट. तू कर."

कडा म्हणजे माझ्यासाठी होडी वळवायची खूण,
पक्षी म्हणजे डेकवर रोज धुवायची घाण.
डोळा लावला. नुसतं दूध.
कडं केसभर फिरवलं, अजून अर्धा केस,
आणि त्या दुधातून एक काळा डोळा वर आला.
माझ्याकडे बघत नव्हता. समुद्राकडे.
मी श्वास घेतला की सगळी कपार डुलायची.
"रेघ?"
"थांब."
"आइलर्ट, रेघ?"
मी बटण दाबलं, सात वेळा.
मग काय झालं कुणास ठाऊक,
अख्खा कडाच एकदम उडाला
आणि मागे ओला खडक राहिला.

संध्याकाळी मासळी-कारखान्याच्या कँटीनमध्ये
गुनवोरच्या नातवानं फोटो पडद्यावर मोठे केले.
सहा म्हणजे लापशी.
सातव्यात चोच. चोचीच्या कडेला पांढरं काहीतरी.
रेघ म्हणावी तर बर्फाचा कण वाटतो,
कण म्हणावा तर एवढा सरळ?
गुनवोर म्हणाली, रेघच. नातू म्हणाला, कण.
तोरुनची कॉफी निवून गेली.

तिनं वही काढली.
भावाच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: एक.
पेन उचललं, परत टेकवलं,
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
तेवीस वर्षांत त्या वहीत ते कधी आलं नव्हतं.

"उद्या वारा कसा आहे?"
"ईशान्येचाच," मी म्हणालो.
"सातला ये धक्क्यावर."