इतिवृत्त

टेबलावर माझ्या नावाची पाटी नव्हती.
होतं ते एवढंच: रुग्ण प्रतिनिधी.
मी पाटी उलटी केली, कोऱ्या बाजूला
पेनानं लिहिलं, द्वारका मयेकर, काळबादेवी.
गुळगुळीत पुठ्ठ्यावर शाई धरेना. पुन्हा गिरवलं.

विषय क्रमांक चार. जिल्ह्याचा आराखडा.
नवा वॉर्ड, उंच कुंपण, कॅमेरे सोळा.

माझी पाळी आली तेव्हाच चहा आला.
कपबशांच्या आवाजावरून मी म्हटलं,
कुंपणाचं मागाहून बघू.
मालगुंडच्या दवाखान्यात गोळ्या नसतात.
हमीद मजगावकर जयगडहून पहिल्या एसटीनं येतो,
खिडकीवर ऐकतो, पुढच्या सोमवारी या.
सोमवार उजाडेतो
त्याच्या डोक्यात उधाण आलेलं असतं,
आणि वाडी म्हणते, बघा, गोळ्याच घेत नाही मेला.
ही पहिली.

मला नेलं तेव्हा सही भावाची होती.
केस कापले. उवा, म्हणाले. उवा नव्हत्या.
पाच महिने समुद्र नुसता ऐकला,
खिडकी उंचावर होती.
आता कायदा म्हणतो, बरी असताना
लिहून ठेवता येतं. मी ठेवलंय:
भावाला नको, शेजारच्या शेवंतीला बोलवा.
केसांना हात लावू नका.
दार लावा हवं तर,
पण एक कडी माझ्या बाजूनं असू दे.
हा कागद कुठल्या फायलीत ठेवतात
ते आरोग्य केंद्रात कुणाला माहीत नाही.
सध्या तांदळाच्या डब्यात आहे.
तेवढी फाईल उघडा. ही दुसरी.

शेजारी क्लार्क टाइप करत होता.
मी वाकून वाचलं:
रुग्ण प्रतिनिधींनी आपल्या भावना व्यक्त केल्या.

भावना नाय ओ, सूचना.
आकडे घाला.

त्यानं साहेबांकडे पाहिलं.
साहेब चहावरची साय बाजूला करत होते.
मग त्याचं बोट एका बटणावर टेकलं
आणि ओळ मागून पुढं
एकेक अक्षर मिटत गेली.

तिसरी सांगा, म्हणाला.

तिसरी: पुढची सभा इथं नको, मालगुंडला घ्या.
भरतीच्या वेळेला. सुकतीला बाया
कालवं काढायला खडपात असतात,
त्यांना बोलायचंय.

भरती किती वाजता?
साहेबांनी विचारलं, खरंच विचारलं.
खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली,
बोटांच्या पेरांवर मोजलं,
आणि त्यानं वेळ लिहून घेतली.