लाभ, दोन, तीन

लातूरच्या अडतीवर, मागच्या खोलीत
बत्तीस चाचण्या एकदम सोडल्या.
पर्ल एवढंच म्हणालं: एक नापास.
पुढं मुकाट.

मग तिला एकटीलाच बोलावलं,
प्रूव्ह, डॅश व्ही, तुरीच्या वजनाची फाइल.
आता लागली बोलायला ओळीनं:
ओके एक
ओके दोन

बाहेर हणमंतअप्पा मापाडी
पोत्यागणिक मोठ्यानं,
लाभ, दोन, तीन...
मनात मोजलेलं हमालसुद्धा मानत नाहीत.

नॉट ओके सतरा.
मी वाचतो, तेही मोठ्यानं:
मिळालं एकोणपन्नास किलो चारशे,
हवं होतं पन्नास.

अप्पा दारातूनच
तंबाखू गालात सरकवत:
"आन् बारदाना कोण वजा करणार रं, तुजा बाप?"

पन्नास मीच लिहिले होते.
खोडतो.
बाहेर नवी गाडी लागलीय,
पुन्हा लाभ.