भागतं का

सारंगचा मेसेज, मिरजेहून,
तिकडचे सव्वाअकरा, इकडचे पावणेदहा:
मावशी, दुबईची ऑफर आलीय, साडेचार हजार दिरहम,
भागतं का तेवढ्यात?
आणि खाली त्यानंच करून टाकलेला गुणाकार,
म्हणजे लाख झाले की गं!

तिकडे सगळे गुणतात.
भाऊ गुणतो, वहिनी गुणते,
सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा मला आधी
मनातल्या मनात बावीसनं गुणून घेतो
आणि मग वर्गणीची पावती फाडतो.
इथं उतरल्यावर पहिल्यांदा
भागाकार शिकावा लागतो.

मी देऱ्यात एका कंत्राटदाराकडे पगारपत्रक करते.
तीनशे बारा माणसं, दर महिन्याच्या सव्वीस तारखेला,
माझ्या बोटांखालून जातात.
कुणाला किती, मला पाठ आहे.
कुणाचं भागतं, त्याचा रकाना नाही.

अठ्ठावीस हजारवाले फादीसाहेब
दर सप्टेंबरात दार लोटून घेतात,
हळू आवाजात उचल मागतात, मुलींच्या फीसाठी.
बिजू ड्रायव्हर दोनशेनं कमी पडतो:
बायकोला इथं आणायचं तर पगार किमान इतका,
असा एक आकडा असतो.
दोन मुलांचा बाप आहे तो,
आणि कागदावर, खोलीच्या दारावर,
बॅचलर.

शफीकुल रात्री काचा पुसतो. नऊशे.
त्याला दाखला हवा होता,
गावी बहिणीच्या होणाऱ्या सासरी दाखवायला.
म्हणाला, आकडा नको मॅडम,
नुसतं लिहा, पगार चांगला आहे.
मी सॉफ्टवेअरमध्ये शोधलं.
चांगला टाकायला तिथं जागा नाही.
शेवटी कोऱ्या कागदावर हातानं लिहून दिलं,
शिक्का नाही मारला.
त्यानं शिक्क्याचं विचारलंही नाही,
चार घड्या घालून खिशात ठेवला.

माझं म्हणशील, तर शारजात, रोल्याला,
एका खोलीत मधोमध प्लायवूड.
पलीकडे नांदेडची नर्स.
तिचा गजर माझ्या उशाशी वाजतो,
माझी फोडणी तिला शिंकायला लावते.
भाड्याचे वर्षाला चार चेक.
चेकच्या तारखेआधीचे पंधरा दिवस
मी वाटेत कुठं थांबत नाही,
ऑफिसातले वाढदिवस विसरते.
पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आठवड्याला,
तहान तेवढ्यात भागते.
संध्याकाळी घरी येते तेव्हा मीही
भागलेली असते.
एवढं एकच क्रियापद, काय काय करणार.

तरी महिन्यातून एकदा, एक दिरहम
मी हिशोबाबाहेर ठेवते.
खाडीवर अब्रा लागलेली असते, लाकडी.
पलीकडे मला काडीचं काम नसतं.
डिझेलचा वास, पायाशी कुणाची तरी पोती,
कुणी फोनवर मल्याळममध्ये भांडत असतं,
आणि पाच मिनिटं फक्त पाणी.
मग तसंच परत. म्हणजे खरं तर दोन दिरहम.
हा खर्च कुठं दाखवावा
मला अजून ठरवता आलेलं नाही.
पण तेवढे सुटले
की त्या महिन्याचं भागलं, असं मी धरते.

सारंगला यातलं काही लिहिलं नाही.
लिहिलं: राहायला जागा कंपनी देणार का, ते आधी विचार.
बेसिक किती, तेही. आणि तोंडी नको, लेखी घे.
दोन निळ्या खुणा.
बराच वेळ तो टाइप करत होता, थांबत होता.
मग आलं,
पण तुझं भागतं ना, मावशी?

प्लायवूडपलीकडून नर्सनं हाक मारली,
ताई, कुकर तुमचाच ना? किती शिट्ट्या झाल्या?
मोजल्या नाहीत, म्हटलं.