डावी बाजू

मागच्या वेळी उजवी होती, आज डावी,
मिस्किटा सिस्टर कार्ड बघून म्हणतात.
वजन. कंबरेला टेप. हात पुढे करा. थरथर?
थोडी.
लिहून घेतात.
चोळायचं नाही हं. अर्धा तास बाकावर.

आधी रोज रात्री आई म्हणायची, आ कर, जीभ वर.
गोळी गालात धरून मी तिच्याकडे बघायचो.
कोपरखैरण्याच्या खिडकीतली कोरफड
माझ्या वाटच्या गोळ्या खाऊन माजली.

आता अठ्ठावीस दिवसांतून एकदा सुई.
तुर्भ्याला कांद्याची पट्टी लिहिताना
आवाज येतो कधी,
पण दोन गाळे पलीकडून,
दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखा.

काल आई म्हणाली, आ कर.
मी दचकलो.
चमच्यात आमटी होती.
मीठ बघ, म्हणाली.

कमी होतं. सांगितलं.