हनुवटी थोडी खाली

रविवार कारंजाच्या उताराला, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर
माझा स्टुडिओ. तेहेतीस वर्षं एकच वाक्य :
हनुवटी थोडी खाली. हं. आता हलू नका.
नोटप्रेसची भरती निघाली की जिन्यापर्यंत रांग,
आणि थंडी पडता पडता दहावीच्या फॉर्मची पोरं,
ओले भांग पाडून, श्वास धरून.

यंदा त्यांत माझी स्वरदा हवी होती.
शाळेतून तीनदा निरोप : फोटो तेवढा राहिलाय,
आणि तुम्ही तर फोटोग्राफर ना हो?

घरात ती रोज साठ काढते.
गच्चीवर, न्हाणीघरात, लिफ्टच्या आरशात.
एकोणसाठ पुसते, एक टाकते,
अकराव्या मिनिटाला तोही उतरवते.
का गं?
सातच आले, बाबा.
सात काय, ते कळायला मला आठवडा लागला.

मग त्र्यंबक रोडचा तरणतलाव सुटला.
रविवारची मिसळ सुटली; तर्रीवर साय धरेपर्यंत
ती अंगठ्यानं काच वर सरकवत राहते.
रात्री दोनला दाराच्या फटीतून
फरशीवर निळी रेघ.
वर्गातल्या कुणी तिच्या नाकाला बाण काढून
फोटो ग्रुपवर फिरवला होता. खाली छत्तीस हसरी तोंडं.
तिनं एकेक नाव उघडून पाहिलं.
बाविसावं शमिकाचं,
जिच्या डब्यातली भाकरी हिनं पाचवीपासून खाल्ली.
आम्हाला हे कळलं दोन महिन्यांनी.

शेवटी बसवली कॅमेऱ्यासमोर.
हनुवटी, म्हणालो मी, आणि ती म्हणाली,
बाबा, नाक बारीक करा ना. कुणाला कळणारे?

रागावणार होतो. भाषण तयार होतं.
पण मधेच माझाच हात आठवला :
भिंग, टोकदार पेन्सिल, निगेटिव्हवर वाकलेली मान.
स्थळाच्या फोटोंचे दिवस.
मुलगी जरा उजळ येऊ द्या, आया म्हणायच्या
मुलीच्या देखत.
मी आणायचो उजळ. पाच रुपये जादा.
मुली खुर्चीत बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघायच्या.
त्यांना झोप लागते का, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

चल, म्हटलं, आणि डार्करूमचं कुलूप काढलं.
बारा वर्षांची धूळ. मोबाईल बाहेर ठेव,
उजेडानं कागद जळतो.
तिनं तो स्टुलावर पालथा ठेवला,
आत आली, परत गेली, बंद करून आली.

डब्यातून एक निगेटिव्ह शोधलं,
कापसावर टर्पेंटाइन घेऊन पुसलं.
नाकाशेजारची जी सावली मी तेव्हा पेन्सिलीनं खाल्ली होती,
ती परत आली.
लाल दिव्याखाली, मुदत संपलेल्या कागदावर,
राखाडी पाण्यातून वर यायला लागलं एक नाक,
मग भुवया, मग न हसणारे ओठ.
किती वेळ लागतो?
लागेल तेवढा.
ती ट्रेवर वाकली. बराच वेळ काहीच बोलली नाही.
मग : ही आई? हे तर माझं...

घरी आईनं पाहिला आणि म्हणाली,
हा कुठून उकरलात? जाळा आधी.
पोळी तव्यावर करपली.
स्वरदा खो खो हसली. बऱ्याच महिन्यांनी.

फॉर्मवर चिकटवला तो फोटो मी काहीच न करता छापला.
ती आवडला म्हणाली नाही. राहू दे, म्हणाली.
आईचा फोटो तिच्या कंपासपेटीत आहे,
कोनमापकाखाली. जाळलेला नाही.

स्टुलावरचा मोबाईल चालू केल्यावर एका दमात
केवढे तरी आवाज झाले होते. ते तसेच होतात.
निळी रेघ काही रात्री असते,
काही रात्री नसते.
किती, ते मी मोजत नाही.
मोजायचं नाही, एवढंच ठरवलंय.